फटीतली हवा

जुना लॅपटॉप तापू लागला, पंखा घरघरू लागला आणि काम मुंगीच्या पावलाने होऊ लागले की बहुतेक घरांत एकच निकाल लागतो: 'याचे दिवस भरले, आता नवा घ्या.' मंडळी, असा निकाल देण्याआधी त्या यंत्राच्या पोटात काय चालते ते आज पाहू.

लॅपटॉपचे सारे हिशेब प्रोसेसर करतो. हा नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा काम करताना तापतो. त्याची उष्णता बाहेर नेण्यासाठी वर तांब्याची पट्टी दाबून बसवलेली असते आणि तिला जोडलेली तांब्याची नळी ती उष्णता पंख्यापाशी पोचवते. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो. आपल्याला वाटते, यंत्र म्हातारे झाले.

प्रोसेसर आणि पट्टी, दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर उंचवटे आणि खळगे दिसतात. त्या खळग्यांत हवा अडकते. गोधडीत ऊब राहते ती कापडापेक्षा थरांत अडकलेल्या हवेमुळे. इथेही तेच होते. तांबे हवेच्या सुमारे १५ हजार पट उष्णता वाहून नेते, हे लक्षात घेतले म्हणजे एवढीशी हवा किती अडवते ते कळते.

म्हणून मध्ये थर्मल पेस्ट लावतात. सिलिकोन तेलात झिंक ऑक्साईडसारखी बारीक पूड कालवलेला हा लेप. चांगली पेस्ट हवेच्या १०० पटींहून अधिक उष्णता नेते, पण तांब्याच्या मानाने ती फारच कमी पडते. तिचे काम फक्त खळगे भरण्याचे. जाड थापली तर तीच आड येते. तापणे आणि थंड होणे वर्षानुवर्षे चालले की पेस्ट कडेला सरकते, तेल सुटते आणि उरलेल्या पुडीला भेगा पडतात. पुन्हा हवा शिरते.

माझ्या भाचीच्या लॅपटॉपबाबत एका दुकानदाराने 'नवा घ्या' असेच सांगितले होते. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, घरात कमावता हात एकच. "मामू, फी भरू की लॅपटॉप घेऊ?" असे तिने विचारले, तेव्हा आम्ही दोघांनी तो उघडायचे ठरवले.

आधी लॅपटॉप बंद करून चार्जर काढला, मग मागचे झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवली. पट्टीच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे असतात. सोडवताना उलट्या क्रमाने थोडे थोडे सोडवायचे. जुनी पेस्ट वाळलेल्या चिखलासारखी निघाली. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्हीकडून पुसली. पंख्याची पाती बोटाने धरून जाळीतली धूळ ब्रशने काढली. मग तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट प्रोसेसरवर ठेवून पातळ पसरली. शेजारच्या चिपांवर मऊ रबरासारखे पॅड असतात, ते तसेच ठेवायचे. तिथली फट मोठी असते, पेस्टने भरत नाही. शेवटी आकड्यांच्या क्रमाने स्क्रू हलकेच आवळत नेले.

खर्च दोन-तीनशे रुपये. पूर्वी पाच मिनिटांत नव्वदीपार जाणारा प्रोसेसर आता त्याच कामाला सत्तरीत राहतो. फीचे पैसे फीलाच गेले.

हा सर्व दुखण्यांवरचा उतारा मात्र नव्हे. लॅपटॉप न तापताच मंद चालत असेल, तर कारण मेमरीत किंवा हार्ड डिस्कमध्ये शोधावे. बॅटरी फुगलेली दिसली तर हात न लावता कारागिराकडे न्यावे. 'लिक्विड मेटल' नावाचा लेप घरी वापरू नये. त्यातून वीज वाहते आणि त्यातले गॅलियम ॲल्युमिनियम खाते.

आणि स्वतः उघडायचे धाडस नसेल, तरी हरकत नाही. दुकानात नव्याची किंमत विचारण्याआधी एवढेच विचारा: 'याची धूळ काढून पेस्ट बदलून द्याल का?'