कळांची निगा, सुरांची जपणूक

१९५९ साली पहिली झोतभट्टी पेटलेल्या भिलाईचे पोलादाशी असलेले नाते सर्वज्ञात आहे. सुषिर वाद्यांचेही पोलादाशी असेच नाते आहे. आधुनिक बासरीच्या कळांची रचना करणारे जर्मन वादक थिओबाल्ड बोएम यांनी काही वर्षे पोलाद उद्योगातही काम केले होते. पुढे पॅरिसमध्ये क्लोझे व ब्युफे यांनी त्यांची कल्पना क्लॅरिनेटवर उतरवली. लग्नाच्या बँडमधील क्लॅरिनेटच्या कळा आजही सुईसारख्या पोलादी स्प्रिंगांवर उघडतात आणि मिटतात.

कडक उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. पॅड नीट बसला नाही, तर हवा निसटते आणि खालचे स्वर उमटेनासे होतात. मग वादक कळ जोराने दाबतो. ती वाकते व दोष बळावतो.

जाणकार कारागीर प्रथम पॅडखाली पातळ कागदाची पट्टी ठेवून ती हलकेच ओढतो. पट्टी सहज सुटली, तर गळती तेथेच! त्यानंतर पॅड बदलणे, झिजलेले बूच नवे लावणे, स्प्रिंगचा ताण साधणे ही कामे येतात. जोडीच्या दोन कळा एकाच क्षणी मिटाव्यात, हा हिशेब केसभरही चुकून चालत नाही.

लग्नसराईपूर्वी ही तपासणी झाली, तर ऐन वरातीत वाद्य मुके होत नाही आणि वादकाची रोजीही बुडत नाही.