तोच ब्राउझर की दुसरा? 'अपडेट करा' या सूचनेचा थोडा विचार

 

बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी आधी एक खुलासा. आम्ही बोलतोय अर्जुनी मोरगावातून. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची तालुक्याची गावं दोन. एक सडक अर्जुनी, दुसरी ही आमची. त्यामुळे नुसतं 'अर्जुनी' म्हटलं की समोरचा विचारतो, कोणती? ब्राउझरचंही तसंच आहे. 'आमच्याकडे क्रोम आहे' एवढं सांगून भागत नाही. कोणतं क्रोम, कितवी आवृत्ती, हे सांगावं लागतं.

मागच्या वेळी एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, जुनं चालते ना बरोबर, मंग नवं कायले?" प्रश्न साधा आहे, पण टाळण्यासारखा नाही. आज त्याचंच उत्तर शोधू. त्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. नवी आवृत्ती आली म्हणजे बदलतं काय? बदला असं सांगणारा कोण? आणि या बदलाचा भार कोणावर पडतो?

पहिला प्रश्न. 'मिलिंदप्रश्न' हा पाली ग्रंथ आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. त्यात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? एकेक भाग बाजूला केला तर रथ म्हणून वेगळं काही उरत नाही. अनेक भाग एकत्र आले की त्या जुळणीला आपण 'रथ' हे नाव देतो. ग्रीकांकडे थीसियसच्या जहाजाची कोडी आहे, तीही याच जातीची. फळ्या एकेक करून सगळ्या बदलल्या, तर जहाज तेच का?

ब्राउझर हा असाच रथ आहे. पान मांडून दाखवणारा भाग वेगळा, पानातल्या आज्ञा चालवणारा वेगळा, समोरचं संकेतस्थळ खरं की खोटं हे तपासणारा वेगळा. नवी आवृत्ती येते तेव्हा यातले काही भाग बदलतात. क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांचीही मोठी आवृत्ती आता दर काही आठवड्यांनी येते. पूर्वी असं नव्हतं. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ साली आली आणि सातवी यायला २००६ उजाडलं. पाच वर्षं लोक त्याच रथात बसून होते.

इथे अनेकांची एक भीती असते. नवं टाकलं तर आपल्या खुणा, साठवलेले पासवर्ड जातील का? सहसा जात नाहीत. कारण ब्राउझर एका जागी असतो आणि तुमचं सामान, म्हणजे बुकमार्क, इतिहास, पासवर्ड, हे दुसऱ्या जागी 'प्रोफाइल' नावाच्या कप्प्यात असतं. रथ बदलला तरी गाठोडं तेच राहतं. मात्र एक लक्षात ठेवा. बदल पुरा व्हायला ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा लागतो. त्या वेळी अर्धवट भरलेला फॉर्म जाऊ शकतो आणि खाजगी खिडकीतली पानं परत येत नाहीत. म्हणून आधी काम संपवावं, मग अपडेट करावं.

आता मूळ शंका. चालतंय ना, मग कशाला? आपल्या भागातल्या लोकांना हे समजवायला मामा तलाव पुरेसा आहे. मालगुजारी काळातले हे तलाव आपल्या धानाचा आधार. पाळ वरून धडधाकट दिसते, पण आत उंदरा-खेकड्यांनी बिळं केलेली असतात. म्हणून पावसाळ्याआधी पाळ पाहायची, माती टाकायची. 'यंदा तर पाणी थांबलंय' हे पुढच्या वर्षीचं प्रमाण होत नाही. तर्कशास्त्रात आम्ही मुलांना हेच शिकवत होतो. आजवर झालं नाही, म्हणून पुढेही होणार नाही, हे अनुमान कच्चं आहे.

ब्राउझरची गोष्ट तर याहून अवघड आहे. क्रोमचा बराचसा पाया क्रोमियम या नावाने सर्वांना वाचता येतो. भोक बुजवलं की ती दुरुस्तीही दिसते. चांगल्या माणसाला दिसते, तशी चोरालाही दिसते. चोर ती वाचून ओळखतो की जुन्या आवृत्तीत भोक नेमकं कुठे आहे. म्हणजे नवी आवृत्ती आली त्या दिवसापासून जुनी आवृत्ती पहिल्यापेक्षा जास्त धोक्याची होते. जुनीत काहीच बदललेलं नसतं, तरीही! पाळीचं बीळ कुठे आहे हे गावभर जाहीर झालं आणि आपण मात्र माती टाकली नाही, अशी ती स्थिती. दुरुस्ती तयार होणं आणि ती लोकांपर्यंत पोचणं यातलं अंतर कमी व्हावं, म्हणून क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली.

आता दुसरा प्रश्न, सांगणारा कोण? इथे आमचीच फजिती सांगतो. आम्ही कित्येक महिने 'नंतर' हे बटण दाबत होतो. मग एका संध्याकाळी भजनाचे शब्द शोधताना पडदाभर पिवळी सूचना आली : तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, ताबडतोब इथे दाबा. आम्हाला अपराधी वाटलं. दाबणार, एवढ्यात समोरच्या घरची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "आजोबा, थांबा. हे सांगतंय कोण?"

मंडळी, आम्ही आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलं. शब्द हे प्रमाण केव्हा? बोलणारा आप्त असेल तेव्हा. म्हणजे ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जो ती खरी सांगतो, असा. हे आम्ही फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं असेल. आणि पडद्यासमोर नेमकं तेच विसरलो! ती सूचना ब्राउझरची नव्हतीच. ब्राउझरमध्ये उघडलेल्या एका अनोळखी पानाची होती. अशा खोट्या अपडेटच्या नावाखाली संगणकात घातक प्रोग्राम घुसवणं ही चोरांची जुनी आणि चालणारी युक्ती आहे.

म्हणून नियम साधा. पानाने सांगितलं म्हणून अपडेट करायचं नाही. आपण स्वतः ब्राउझरच्या घरात जाऊन विचारायचं. क्रोममध्ये कोपऱ्यातले तीन ठिपके, मग मदत, मग 'गुगल क्रोमविषयी'. फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघा, मग मदत, मग 'फायरफॉक्सविषयी'. तिथे आवृत्तीचा आकडा दिसतो आणि नवी असेल तर ती आपोआप उतरू लागते. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमध्ये जाऊन पाहायचं.

तिथून येणारी वस्तू तरी खरी कशावरून? तिच्यावर कंपनीची डिजिटल सही असते. सही करायची किल्ली कंपनी गुप्त ठेवते, पण सही तपासायची किल्ली आपल्या संगणकाकडे आधीच असते. वाटेत कोणी एक अक्षर जरी बदललं, तरी सही जुळत नाही आणि ती फाइल नाकारली जाते. आप्त कोण हे ओळखायची ही यंत्राची रीत झाली. पण एक मर्यादा ध्यानात घ्या. सही 'कोणी पाठवलं' एवढंच सांगते. पाठवलेलं तुमच्या हिताचं आहे की नाही, हे ती सांगत नाही.

इथून तिसरा प्रश्न निघतो, भार कोणावर? नवं म्हणजे बरंच, असं आम्ही म्हणणार नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीचे प्लगइन पूर्ण बंद केले, त्याबरोबर जावावर चालणारी कित्येक पानंही त्यात बंद पडली. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती वेगवान होऊन आली, पण जुनी ॲड-ऑन निकामी झाली. कारणं योग्य होती. तरी ज्याचं काम अडलं, त्याचं अडलंच.

आपली गोंदिया-चांदा रेल्वे आठवा. आधी छोटी लाइन होती, पुढे मोठी लाइन झाली. छोट्या लाइनचा डबा कितीही धडधाकट असला तरी मोठ्या रुळांवर चालणार कसा? आमच्या जुन्या लॅपटॉपचं हेच झालं. त्यात विंडोज ७. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार जानेवारी २०२० मध्ये काढला. क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ ची. यंत्र चालू, पडदा स्वच्छ, पण पुढचं क्रोम त्याला मिळणार नाही. फायरफॉक्सने ११५ ही आवृत्ती अशा यंत्रांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या देत पुढेही चालवली, तेवढा दिलासा. आम्ही आता त्यावर फक्त लेखन करतो. त्याला इंटरनेट जोडत नाही. पेन्शनचं काम दुसऱ्या यंत्रावर.

आम्हाला दुसरं यंत्र घेता आलं. पण धानविक्रीची नोंदणी, सातबारा, दाखला, हे सगळं ज्याला जुन्या संगणकावर किंवा जुन्या फोनवर करायचं आहे, त्याला 'अपडेट करा' म्हणजे 'नवा घ्या' असं ऐकू येतं. तो आळशी नाही, त्याला मागे टाकलं गेलं आहे. दोन्हीत फरक आहे आणि तो आपण करायला हवा. म्हणून संकेतस्थळं बनवणाऱ्यांनी साध्या, जुन्या यंत्रावरही आपलं पान उघडतं का, हे पाहिलं पाहिजे. आणि आपण शेजाऱ्याचं यंत्र निदान तपासून दिलं पाहिजे.

तेव्हा त्या श्रोत्याला आमचं उत्तर असं. नवं घ्यायचं ते नवेपणासाठी नव्हे. जुन्याची भोकं जगजाहीर झाली आहेत, म्हणून घ्यायचं. घेताना सांगणारा कोण, हे एकदा विचारायचं. आणि ज्याला घेता येत नाही, त्याला हसायचं नाही.

आज घरी गेल्यावर तेवढे तीन ठिपके उघडून आपला आकडा पाहा. शेजारी कोणी वडीलधारं असेल, तर त्यांचाही पाहा. काही अडलं तर पुढच्या वेळी प्रश्न घेऊन या.