लाईनच्या शेवटच्या घरातला दिवा

जालना शहरात विजेवर लोखंड वितळतं. औद्योगिक वसाहतीतल्या इंडक्शन भट्टीला टनभर पोलाद वितळवायला सहाशे युनिटच्या आसपास वीज लागते. तेवढ्या विजेवर नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला, तर छत्तीस वर्षं पुरेल. हा हिशेब एकदा कागदावर मांडला आणि दिव्यांचा नाद लागला तो लागलाच. भोकरदन असो, अंबड असो की परतूर, कुणाच्याही घरी गेलो की आधी नजर वर जाते: होल्डरला काय लावलंय?

इतिहास थोडक्यात सांगतो. एडिसनचा दिवा १८७९चा. आपल्याकडे १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या दशकांत मराठवाड्यातल्या गावोगावी खांब उभे राहिले. कंदील, चिमण्या माळ्यावर गेल्या. मग ट्यूब आली, सीएफएल आला. निळा एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल मिळालं आणि लगेच ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्राची उजाला योजना सुरू झाली. घाऊक खरेदीमुळे तीनशे दहा रुपयांचा दिवा दोनेक वर्षांत अडतीस रुपयांवर आला, आणि देशभरात छत्तीस कोटींहून जास्त दिवे वाटले गेले. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत सामान्य घराच्या वीजबिलावर याच्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचा झाला नाही.

आता आकडे. साठ वॅटचा पिवळा बल्ब सातशे ल्युमेनच्या आसपास उजेड देतो, म्हणजे वॅटमागे बारा. उरलेली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णता होऊन जाते. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ती काय करते, हे जालनेकरांना सांगायला नको. जुन्या छत्तीस वॅटच्या ट्यूबला तांब्याचा चोक धरून पन्नास वॅट लागत, पण वॅटमागे पन्नास ल्युमेन मिळत. सीएफएलचे साठच्या घरात. चांगल्या एलईडीचे शंभर. रोज पाच तास धरले तर साठचा बल्ब वर्षाला एकशे नऊ युनिट खातो, तेवढाच उजेड देणारा चौदाचा सीएफएल पंचवीस, आणि नऊचा एलईडी सोळा. देवघरात रात्रभर जळणारा जुना झिरोचा बल्ब बहुतेक घरांच्या हिशेबातच नसतो. तो बारा ते पंधरा वॅट घेतो. रात्रीचे दहा तास धरा, पंधराच्या दिव्याला वर्षाला चौपन्न युनिट लागतात, म्हणजे बैठकीतल्या एलईडीच्या तिपटीहून जास्त. अर्ध्या वॅटचा एलईडी तिथे लावला तर दोन युनिटसुद्धा होत नाहीत. (पिवळ्या बल्बचा एक मान मात्र राखायला हवा: पिल्लांना ऊब देणाऱ्या कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये त्याची उष्णता वाया जात नाही, तिथे तीच हवी असते.)

हे सगळे आकडे २३० व्होल्टचे. माझं खरं कुतूहल इथून पुढे सुरू होतं, कारण गावातल्या शेवटच्या घरात संध्याकाळी २३० व्होल्ट येतातच असं नाही. डीपीपासून, म्हणजे गावच्या रोहित्रापासून, तार जितकी लांब आणि वाटेत मोटारी जितक्या जास्त, तितका दाब उतरतो. रब्बीच्या दिवसांत घनसावंगी तालुक्यातल्या एका शेतवस्तीवर मल्टिमीटर घेऊन बसलो होतो. शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली आणि आकडा डोळ्यांदेखत खाली घसरला. घरातल्या आजी म्हणाल्या, "लाईट हाये, पण उजेड नाही." वीजतज्ज्ञानेही याहून नेमकं सांगितलं नसतं.

कारण असं. पिवळ्या बल्बची तार जितकी तापेल तितका उजेड. दाब १८० व्होल्टवर आला की बल्ब वीज दोन तृतीयांश घेतो, उजेड मात्र निम्म्याहून कमी देतो. तार लाल होते, न दिसणारी उष्णताच बाहेर पडत राहते. म्हणजे वॅटमागे मुळात बारा ल्युमेन असलेला आकडा आठावर येतो. आणि मध्यरात्री मोटारी बंद झाल्या, दाब २५० वर चढला, की त्याच बल्बचं आयुष्य एक तृतीयांशावर येतं. ट्यूबची तऱ्हा निराळी. कमी दाबात स्टार्टर टिकटिकत राहतो, टोकं लाल होतात, ट्यूब पेटत नाही. एकदा पेटली की थोडा कमी दाबही सोसते, म्हणून कितीतरी घरांत मोटारी सुरू व्हायच्या आत, उजेड असतानाच ट्यूब लावून ठेवायचे. भारनियमनाच्या वर्षांत महावितरणने आणलेली अक्षय प्रकाश योजनाही याच दुखण्यावर होती: गावाने ठरवून संध्याकाळी मोटारी, गिरण्या बंद ठेवायच्या आणि त्या बदल्यात दिव्यापुरती वीज घ्यायची. गावकऱ्यांनी एकमेकांवर लक्ष ठेवून वीज वाचवायची, ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते. पुढे गावठाणाचे फीडर वेगळे झाले, पण शेतातल्या वस्त्यांचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही.

इथे एलईडीचा खरा कस लागतो. बंद पडलेला दिवा उघडून पाहा. पांढरं टोपण काढलं की ॲल्युमिनियमची गोल चकती, तिच्यावर पिवळे चौकोनी ठिपके दिसतात. एखाद्या ठिपक्यावर मोहरीएवढा काळा डाग असेल तर तीच जळालेली चिप. सगळ्या एका माळेत असल्यामुळे एक गेली की सगळ्या विझतात. चकतीच्या खाली ड्रायव्हर असतो. चांगल्या दिव्यात तिथे छोटी वेटोळी कॉईल, एक कपॅसिटर आणि आयसी सापडते. ही जोडणी दाब शंभर व्होल्ट असो की तीनशे, चिपांना एकसारखा प्रवाह देते. म्हणून मोटार सुरू झाली तरी उजेड हलत नाही. स्वस्त दिव्यात कॉईलच नसते. चिपांच्या शेजारी चकतीवरच एक बारकी आयसी बसवलेली असते. शहरात २३० व्होल्टवर तो दिवा चांगल्या दिव्याइतकाच झगझगीत दिसतो. वस्तीवर दाब उतरला की मिणमिणतो, लुकलुकतो, आणि चढला की जादा दाबाची उष्णता त्याच चकतीवर सोसून लवकर जळतो. खोक्यावर दोघांच्याही नऊ वॅटच लिहिलेलं असतं!

म्हणून आठवडी बाजारात खुला मिळणारा, खोकं नसलेला दिवा शेतवस्तीसाठी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. या दिवाळीत आकाशकंदिलासाठी, गोठ्यासाठी, आखाड्यावरच्या खोलीसाठी दिवा घ्याल तेव्हा वॅटच्या आकड्यावर थांबू नका. खोकं उलटून तीन गोष्टी वाचा: आयएस १६१०२ हा क्रमांक, ल्युमेनचा आकडा आणि दाबाची मर्यादा. मर्यादा १०० ते ३०० व्होल्ट लिहिली असेल तर थोडे पैसे जास्त पडले तरी तोच घ्या. नुसतं २२० ते २४० लिहिलेलं असेल तर तो दिवा डीपीजवळच्या घराला द्या, लाईनच्या शेवटच्या घरात लावू नका.