रांग, बोली आणि वाटा

मालवणात बोलतो आहोत, तर रापणीपासूनच सुरुवात करू. होडीतून जाळं अर्धगोलात टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे आणि आलेल्या मासळीचे वाटे करायचे. मासळी वाटता येते. पण किनाऱ्याचा तोच पट्टा एकाच वेळी दोन रापणींना कसा देणार? तिथे पाळीच लावावी लागते. सामायिक महासंगणकाचं नेमकं हेच दुखणं आहे.

पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ घ्या. तिथे कुणाचा जॉब केव्हा चालेल हे ‘स्लर्म’ नावाची प्रणाली ठरवते. आधी येईल त्याला आधी, एवढाच नियम ठेवला तर एकच मोठा गट शेकडो जॉब टाकून रांग अडवून बसेल. म्हणून स्लर्ममध्ये ‘फेअर-शेअर’ची सोय आहे: अलीकडे ज्याने जास्त वापरलं, त्याचा क्रम खाली जातो. जुना वापर कायम डोक्यावर राहत नाही. मूळ सेटिंगमध्ये त्याचा भार दर ७ दिवसांनी निम्मा होतो. म्हणजे किंमत आहेच, फक्त ती रुपयांत नाही, थांबण्यात आहे.

आता गंमत बघा. मोठ्या जॉबसाठी कोअर जमवताना काही कोअर नुसतेच रिकामे राहतात. त्या फटीत छोटा जॉब बसतो, त्याला ‘बॅकफिल’ म्हणतात. अट एवढीच, की मोठ्याची पाळी येण्याआधी तो संपला पाहिजे. सावधगिरी म्हणून दोन तासांच्या कामाला दोन दिवस मागितलेत, तर फटीत बसणार नाही. अर्धाच तास मागितलात, तर मध्येच बंद पडेल.

मग सरळ लिलाव का नको? अ‍ॅमेझॉनने २००९ मध्ये रिकाम्या मशीनसाठी बोली सुरू केली. विकत घेणाऱ्यांसाठी ते ठीक. पण समजा, कणकवलीच्या कॉलेजातला गट लाटांचं गणित करतोय आणि समोर एखादी मोठी संस्था आहे. रुपयांच्या बोलीत हा गट टिकेल असं आम्हाला वाटत नाही.

यावर आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये हार्वर्डमधला एक सुंदर तोडगा मांडला होता. पीडीपी-१ संगणकाच्या वेळेसाठी बोली लावायची, पण ‘येन’ नावाच्या खोट्या चलनात. वेळ वापरून झाला की येन परत मिळत. त्यामुळे निकडीच्या दिवशी छोटाही मोठी बोली लावू शके. फक्त कुणाला किती येन द्यायचे, हे लिलाव ठरवत नव्हता. ते कामाच्या महत्त्वावर होतं. फेअर-शेअरमध्येही प्रत्येक गटाचा मूळ हिस्सा कुणीतरी माणूसच आकडा भरून ठरवतो. जॉब टाकण्याआधी तो आकडा विचारून घ्या.