जोड तोलामोलाची हवी

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीन वाजता प्रीमियर लीगचे सामने सुरू होतात, तेव्हा छत्रपती संभाजीनगरात संध्याकाळचे साडेसात किंवा हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. शहरातल्या फुटबॉलवेड्या मुलांच्या हातातल्या मोबाइलवर तो सामना थेट दिसतो. खुद्द इंग्लंडमध्ये मात्र त्या वेळेचा सामना टीव्हीवर दाखवायला बंदी आहे. १९६० च्या दशकापासून ही प्रथा चालत आली आहे. मोठ्या संघांचे सामने घरबसल्या दिसले तर खालच्या श्रेणीतल्या गावोगावच्या क्लबांची मैदाने ओस पडतील, ही त्यामागची काळजी. गंमत अशी की ती मैदाने आजही ओस पडलेली नाहीत. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीला, म्हणजे चॅम्पियनशिपला, युरोपातल्या कित्येक देशांच्या पहिल्या श्रेणीपेक्षा जास्त प्रेक्षक येतात. उलट वरच्या श्रेणीचा फुटबॉल अलीकडे कंटाळवाणा झाला, नुसते पासवर पास चालतात, अशी तक्रार जाणकारही करू लागले आहेत. जगातले सर्वोत्तम खेळाडू जिथे खेळतात तिथे कंटाळा आणि त्यांच्यापेक्षा कमी दर्जाचे जिथे खेळतात तिथे रंगत, असे खरेच असते का? असेल तर का असते?

आधी वरच्या श्रेणीची बाजू नीट मांडायला हवी, कारण आकडे तिच्याकडून बोलतात. प्रीमियर लीगच्या २०२३-२४ च्या हंगामात ३८० सामन्यांत १,२४६ गोल झाले. सरासरी पडते एका सामन्यामागे ३.२८, आणि लीगमधल्या संघांची संख्या २० झाल्यापासूनचा हा उच्चांक आहे. चॅम्पियनशिपमध्ये गोलांची सरासरी यापेक्षा कमीच असते. तेव्हा गोलांवरून रंगत मोजायची तर वाद इथेच मिटला. पण प्रेक्षक गोल मोजायला बसत नाही. पुढे काय होईल हे माहीत नसते म्हणून तो जागेवरून हलत नाही. विसाव्या मिनिटाला ३-० झालेल्या सामन्यात आणखी तीन गोल झाले तरी ते केवळ हिशेबात जमा होतात; शेवटच्या मिनिटापर्यंत ०-० असलेल्या सामन्यात मात्र एका कॉर्नर किकवर हजारो माणसांचा श्वास अडकतो. गोलांचा दुष्काळ कंटाळा आणतो हे खरे. सुकाळ आला की कंटाळा जातोच, असे मात्र नाही.

कंटाळा हा खेळाडूंच्या स्वभावातला दोष नसतो, नियम आणि बक्षिसांची रचना तो घडवते. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा १९९० च्या इटलीतल्या विश्वचषकाने दिला. त्या स्पर्धेत ५२ सामन्यांत अवघे ११५ गोल झाले. आघाडी मिळाली की चेंडू आपल्याच गोलरक्षकाकडे मागे द्यायचा, त्याने तो हातात घेऊन वेळ काढायचा, हा तेव्हाचा सर्रास मार्ग होता. १९९२ मध्ये नियम बदलला आणि सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हाताळता येईनासा झाला. विजयाला दोनऐवजी तीन गुण देण्याची इंग्लंडमध्ये १९८१ पासून रुळलेली पद्धत १९९४ च्या विश्वचषकात आली. त्या स्पर्धेत तितक्याच ५२ सामन्यांत १४१ गोल झाले. चार वर्षांत जगभरच्या खेळाडूंचे कौशल्य काही बदललेले नव्हते. बदलली होती ती जोखीम घेण्याची किंमत आणि न घेण्याची शिक्षा.

आजच्या वरच्या श्रेणीत जोखीम पुन्हा आटली आहे, पण वेगळ्या वाटेने. गोल किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जायलाच हवा, ही अट २०१९ मध्ये निघाली आणि गोलरक्षकापासून छोट्या पासांनी खेळ उभारण्याची पद्धत अधिकच पक्की झाली. प्रत्येक मोठ्या क्लबकडे आकडेतज्ज्ञांची फौज आहे. कुठल्या जागेवरून मारलेला फटका गोलमध्ये जाण्याची शक्यता किती, याचा हिशेब ती मांडते. लांबून मारलेले बहुतेक फटके वाया जातात हे त्या हिशेबातून पुढे आले आणि तसे फटके कमी होत गेले. संघाच्या दृष्टीने यात शहाणपण आहे. प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र तीस यार्डांवरून जाळीचा कोपरा फाडणारा गोल दुर्मिळ झाला. शिवाय व्हिडिओ पंच आल्यापासून गोल झाल्यावरही आनंद आवरून वाट पाहावी लागते. चॅम्पियनशिपच्या साखळी सामन्यांत तो पंच नाही. तिथे प्रत्येक संघाला हंगामात ४६ सामने खेळावे लागतात, पाय थकतात, चेंडू निसटतो, बचावफळीत भगदाड पडते आणि दोन मिनिटांत सामन्याचे पारडे फिरते. फुटबॉलमधले नाट्य चुकीतून जन्मते. चूक जितकी दुर्मिळ, तितके खेळाला वळण मिळण्याचे प्रसंगही दुर्मिळ.

पण चुकांपेक्षा मोठे कारण वेगळे आहे आणि ते आपल्याकडच्या कुस्तीच्या फडावर पूर्वापार ठाऊक आहे. जत्रेतल्या फडात रंगत येते ती जोड लावणाऱ्यांमुळे. नावाजलेला मल्ल आणि नवखे पोर यांची कुस्ती कुणी लावत नाही. लावलीच तर लोक उठून चहाला जातात. दोन साध्या पण तोलाच्या पैलवानांची कुस्ती लागली, तर तेच लोक पायाच्या बोटांवर उभे राहतात. निकालाची अनिश्चितता हाच खेळाच्या धंद्याचा खरा माल आहे, असे सायमन रॉटनबर्ग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये बेसबॉलच्या संदर्भात मांडले. युरोपच्या वरच्या श्रेणीत हीच जोड बिघडली आहे. बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ अशी सलग ११ वर्षे जर्मनीचे विजेतेपद घेतले, युव्हेंट्सने २०१२ ते २०२० अशी सलग ९ वर्षे इटलीचे. इंग्लंडमध्ये २०१७-१८ ते २०२३-२४ या सात हंगामांत सहा वेळा मँचेस्टर सिटी जिंकली. लेस्टर सिटीने २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली तेव्हा जगभर जो जल्लोष झाला, तो अशी घटना किती विरळा झाली आहे याचाच पुरावा होता. तळाशीही तेच. २०२३-२४ मध्ये नव्याने वर आलेले तिन्ही संघ त्याच हंगामात खाली गेले आणि पुढच्या वर्षी वर आलेल्या तिघांचेही तसेच झाले. टीव्हीच्या हक्कांचा पैसा वर साठत गेला, की दोन श्रेणींमधली पायरी भिंत होते.

त्याच वेळी भिंतीच्या खालच्या बाजूला मात्र चुरस टिकून आहे. चॅम्पियनशिपच्या २४ संघांपैकी दोन थेट वर जातात, पुढचे चार तिसऱ्या जागेसाठी आपसात झुंजतात आणि तळाचे तीन खाली उतरतात. त्यामुळे एप्रिल उजाडला तरी मधल्या फळीतल्या संघालाही आशा किंवा धास्ती उरलेली असते. २०२३ च्या मे महिन्यात वर जाण्यासाठीचा अंतिम सामना ल्यूटन आणि कॉव्हेंट्री यांच्यात झाला. ल्यूटन २०१४ पर्यंत पाचव्या श्रेणीत होता, तर कॉव्हेंट्री २०१८ पर्यंत चौथ्या. त्या दिवशीचा खेळ जगातला सर्वोत्तम नव्हता. पण १-१ नंतर पेनल्टीवर ल्यूटन जिंकला तेव्हा एका गावाचे पुढचे आयुष्य बदलले, आणि ते बदलणार आहे हे पाहणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होते.

भारतात तर भिंत आधीच बांधून ठेवलेली होती. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली ती बंद दाराची: पैसे भरून जागा मिळवायची आणि हरून ती गमवायची नाही. २०१६ मध्ये या लीगला देशाची सर्वोच्च स्पर्धा करण्याचा आराखडा पुढे आला, तेव्हा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब निषेध म्हणून तेव्हाच्या सर्वोच्च आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांतल्या धेंपोने पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवले होते. मैदानावर जिंकून वर जायची वाटच नसेल तर खेळायचे कशासाठी, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. पुढे दार अर्धे उघडले. आय-लीग जिंकून २०२३ मध्ये पंजाब एफसी आणि २०२४ मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंग वर आले. पण खाली कुणी उतरले नाही. २०२३-२४ मध्ये हैदराबादने २२ सामन्यांत एकच विजय मिळवला आणि तरीही पुढच्या हंगामात तो संघ त्याच लीगमध्ये होता. त्याच हंगामात १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागान आणि मुंबई सिटी साखळीच्या शेवटच्या सामन्यात भिडले. मुंबईला अव्वल स्थानासाठी बरोबरी पुरेशी होती, बागानला विजयच हवा होता आणि तो त्यांनी २-१ असा खेचून घेतला. लीग तीच, दर्जाही तोच. एकीकडे एका सामन्यावर सारे काही अवलंबून होते, दुसरीकडे हरण्याला किंमतच उरली नव्हती.

महाराष्ट्रात याचे सर्वांत बोलके उदाहरण कोल्हापूर आहे. तिथले संघ मुळात तालमींचे: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, जोडीला शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी आणि नंतरच्या बाद फेरीच्या स्पर्धा शाहू स्टेडियमवर होतात आणि मोठ्या सामन्याला पेठाच्या पेठा तिथे लोटतात. देशाच्या फुटबॉलच्या उतरंडीत ही स्पर्धा फार खालच्या पायरीवर आहे. तरी ती पाहायला माणसे तिकीट काढतात, कारण जोड तोलाची असते आणि हार दुसऱ्या दिवशी पेठेत चहाच्या टपरीवर भोगावी लागते. इथे रास्त आक्षेप असा, की ही रंगत फुटबॉलची नसून ईर्ष्येची आहे; आपली पोरे खेळतात म्हणून ती आवडते, त्रयस्थाला तो खेळ सामान्यच वाटेल. आक्षेपात तथ्य आहे. पण आपलेपणा हा खेळाबाहेरून आलेला मसाला नाही. कुणाच्या तरी बाजूने मन गुंतले नाही तर जगातला सर्वोत्तम सामनाही केवळ कसरत वाटतो. प्रीमियर लीगही कोट्यवधी परक्या माणसांना दूरवरचा एखादा क्लब आपला मानायला लावूनच चालते. आणि नुसत्या ईर्ष्येने भागत नाही. एक तालीम दरवर्षी सगळ्यांना सहज लोळवू लागली, तर शाहू स्टेडियमही रिकामे होईल.

खालच्या फुटबॉलचे दोष झाकण्याचेही कारण नाही. तिथे धसमुसळेपणा असतो, मैदाने खराब असतात, आणि कोल्हापुरात ईर्ष्या हुल्लडबाजीपर्यंत जाऊन स्पर्धा थांबवण्याची वेळही आली आहे. वरच्या श्रेणीतला पहिला स्पर्श, धावत्या सहकाऱ्याच्या पायात अचूक पडणारा पास, यांचे सौंदर्य खाली क्वचितच दिसते आणि ज्याला खेळ शिकायचा आहे त्याने ते पाहायलाच हवे. पण वर दिसणारा खेळाडू खालूनच येतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे सुपर लीगमध्ये पोहोचला, तो अशाच मातीतून. याउलट पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी असे चार व्यावसायिक संघ दहा-बारा वर्षांत आले आणि गेले. पैसा वरून ओतला होता, खाली पेठ नव्हती. तालमी मात्र आहेत तिथेच आहेत.

म्हणून प्रश्नाचे उत्तर असे: वरची श्रेणी वरची आहे म्हणून कंटाळवाणी नसते. जोड बिघडली आणि हरण्याची किंमत संपली, की कुठलीही श्रेणी कंटाळवाणी होते. दर्जा डोळ्यांना सुख देतो, पण धास्ती आणि आशाच माणसाला शेवटच्या शिट्टीपर्यंत बसवून ठेवतात. मराठवाड्याच्या दृष्टीने हा निव्वळ वादाचा विषय नाही. छत्रपती संभाजीनगरपासून सुपर लीगचे सर्वांत जवळचे मैदान मुंबईत, तीनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. तिथला संघ इथल्या मुलाला मोबाइलवरच भेटणार. पण शहरातल्या आमखास मैदानावर खेळणाऱ्या संघाला वर्षभर चालणारी साखळी मिळाली, तिच्यात जिंकणारा वर जाऊ लागला, हरणारा खाली उतरू लागला आणि ती शिडी जिल्ह्यातून राज्यात आणि राज्यातून देशात अखंड पोहोचली, तर शनिवारच्या संध्याकाळी इथेही प्रेक्षक जमतील. इंग्लंडने आपल्या लहान क्लबांसाठी शनिवारची दुपार राखून ठेवली. आपल्याला वेळ राखायची गरज नाही. शिडीची एकही पायरी मधूनच तुटलेली राहू नये, एवढेच पाहायचे आहे.