मोटारीचा धूर आणि शिवारातले पीक



विजांच्या कडकडाटासह वळीव पडून गेला की चार दिवसांत बांधावरचे गवतसुद्धा कसे तरारून येते, हे तुम्हाला सांगायला नको. पाण्याबरोबर त्यात विजेचाही थोडा वाटा असतो. आपल्या हवेत ७८ टक्के नत्र आणि सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. एरवी हे दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. विजेच्या प्रचंड उष्णतेने मात्र ते एकत्र येतात, त्यांची नायट्रोजन ऑक्साइडे बनतात आणि पावसाबरोबर थोडे नत्र जमिनीत उतरते.

हीच ऑक्साइडे आता वीज न चमकताही बारा महिने तयार होतात. मोटारीचे इंजिन, कारखान्याचा बॉयलर, डिझेलवरचे जनित्र, जिथे जिथे भडका मोठा, तिथे तिथे हवेतले नत्र जळते.

मुळशी तालुक्यातल्या मारुंजीच्या शिवारात उभे राहून पाहा. शेजारी हिंजवडीचे संगणक उद्योगांचे नगर, पूर्वेला वाकडजवळून जाणारा महामार्ग, त्यापलीकडे पिंपरी-चिंचवड आणि पुढे चाकणचे कारखाने. सकाळ-संध्याकाळ वाहनांच्या रांगा लागतात. वारा पूर्वेकडून असला की हा धूर भाताच्या खाचरांकडेच येणार.

उन्हात शिजणारे विष

आता तुम्ही म्हणाल, धूर शहराचा, तर त्रासही शहरालाच. इथेच गंमत आहे. नायट्रोजन ऑक्साइडे आणि पेट्रोल-डिझेलची वाफ यांच्यावर कडक ऊन पडले की जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो. उंच आकाशातला ओझोन आपले रक्षण करतो, पण जमिनीजवळचा पिकाला मारक ठरतो. शहरात ताजा धूर ओझोनला काही प्रमाणात खाऊन टाकतो. वाऱ्याबरोबर धूर पुढे सरकला की वाटेत ओझोन साठत जातो. म्हणून पुष्कळदा शहरापेक्षा भोवतालच्या खेड्यांत तो जास्त भरतो.

मारुंजीपासून फार दूर नसलेल्या पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली याचा हिशेब मांडला. २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशात गव्हाचे सुमारे ३५ लाख टन आणि भाताचे सुमारे २१ लाख टन नुकसान झाले, असा त्यांचा अंदाज आहे.

पान काय सांगते?

ओझोन पानाच्या छिद्रांतून आत शिरतो. घेवडा, सोयाबीन यांसारख्या पिकांच्या जुन्या पानांवर, वरच्या बाजूने, शिरांच्या मधे बारीक फिकट किंवा तपकिरी ठिपके पडतात. पान लवकर पिवळे होते आणि दाणा भरत नाही. असे ठिपके दिसले तर लगेच औषधाचा पंप पाठीला लावू नका. आधी पान उलटून कीड किंवा बुरशी आहे का ते पाहा आणि कृषी सहायकाला दाखवा. ओझोनवर फवारणीचे औषध नाही. पैसे मात्र जातील.

माणसांनाही हा वायू बाधतो. लहान मुले आणि दमेकरी यांना तो विशेष त्रास देतो. २००९ च्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे निवासी भागात नायट्रोजन डायऑक्साइडची वर्षाची सरासरी दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये.

आपल्या हातात काय?

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. डिझेल मोटारीला पूर्वी किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे सोडण्याची मुभा होती, ती ८० वर आली. पण गाड्याच वाढत राहिल्या तर कायदा किती पुरणार?

थोडा दोष आपल्याकडेही आहे. युरिया एकदम ओतला की जमिनीतले जिवाणू त्यातल्या काही नत्राचा हाच वायू करून हवेत सोडतात. तेव्हा युरिया हप्त्याहप्त्याने, पिकाच्या गरजेपुरताच द्या. उसाचे पाचट पेटवू नका, सरीत कुजू द्या. ट्रॅक्टर आणि डिझेल पंपाची वेळच्या वेळी दुरुस्ती करा. रस्ता, कारखाना किंवा नवी वसाहत येणार असेल तर ग्रामसभेत पाण्याबरोबर हवेचाही प्रश्न विचारा.

जमिनीचा सातबारा आपल्या नावावर असतो. हवेचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही, म्हणून तिची राखण सगळ्यांनीच करायची आहे.