खबर कोणाकडे न्यावी?

७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरील मजकुरावरून कोल्हापूर शहरात दगडफेक झाली. बातमी चुकीच्या वाटेने गेली की काय होते, हे आपण पाहिले. गावात ती योग्य ठिकाणी पोहोचवण्याचे काम पोलीस पाटलांचे आहे. पूर्वी पाटीलकी वंशपरंपरेने चाले. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानुसार आता त्यांची नेमणूक होते व गावच्या परिस्थितीची खबर दंडाधिकारी व पोलिसांना देणे त्यांचे कर्तव्य ठरते. १५ ऑगस्ट २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेने समेटासाठी गावसमित्याही उभ्या केल्या. प्रभू येशूने मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रथम एकांतात, मग साक्षीदारांसह, शेवटी ख्रिस्तसभेपुढे. ऐकलेली गोष्ट चव्हाट्यावर मांडण्याआधी आपणही त्याच पायऱ्या चढू या.